रुईझबाईंनी दाखवलेली वाट

काल आमच्या ह्यांच्यावर कुत्रं सोडायचंच बाकी होतं, काकू. न्यूटनमध्ये कुणाच्या तरी अंगणाच्या कडेला, झुडपात कोपरापर्यंत हात घालून उभे! बघणाऱ्याला काय वाटेल?

हरवलं नव्हतं हो काही. ते जिओकॅशिंग. कुणीतरी डबी लपवतं, अक्षांश-रेखांश देतं. आपण फोनवर बघत जायचं, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून यायचं. बक्षीस कसलं आलंय! त्यातून या डबीचा पत्ताही सरळ दिलेला नाही. आधी कोडी सोडवा, मग त्यातून आकडे काढा. आणि कोडी कशावर, तर बॉस्टन मॅरेथॉनच्या इतिहासावर. एप्रिलात आपल्या नेटिकमधून जाते ना, तीच.

निम्मं धाकट्यानं सोडवलं. १८९७ साली पहिल्यांदा धावले ते किती जण? पंधरा! आमच्या सोसायटीच्या गणपतीला आरतीला जास्त असायचे. मग त्या स्वित्झरबाईंचा नंबर, २६१. तेव्हा बायकांना घेतच नव्हते. हिनं १९६७ साली अर्जावर नुसतं के. व्ही. स्वित्झर लिहिलं. शर्यतीतला एक अधिकारी चक्क रस्त्यात येऊन तिचा नंबर ओढायला लागला. तिच्या मित्रानं त्याला असा धक्का दिला म्हणता! बाई पुरतं अंतर धावली. त्याच्या आदल्या वर्षी बॉबी गिब तर झुडपात लपून राहिली आणि शर्यत सुटल्यावर आत शिरली. आता बोला!

घोळ पुढे झाला. '१९८० च्या विजेतीच्या आडनावात इंग्रजी अक्षरं किती?' ह्यांनी लगेच 'रुईझ, चार' असं ठोकून दिलं. अहो, ती रोझी रुईझ शेवटी शेवटी गर्दीतून रस्त्यावर घुसलेली! पहिली आली म्हणून डोक्यावर पानांचा मुकुटही चढवून घेतला, आणि अंगाला धड घामसुद्धा नाही. आठ दिवसांनी पद काढून घेतलं. खरी जिंकली होती कॅनडाची जॅकलिन गॅरो. तिची अक्षरं सहा. मला विचाराल तर पद मिळालं, पण रेषा ओलांडतानाचा जल्लोष गेला तो गेलाच.

तो आकडा होता रेखांशाच्या मिनिटांत, दशांशचिन्हाच्या लगेच पुढचा. दोनचा फरक म्हणजे तिथं पावणेतीनशे मीटर! म्हणून हे त्या झुडपात. मालकीणबाई बाहेर आल्या, 'मांजर हरवलंय का?' म्हणाल्या. हे म्हणे, 'हो.'

संध्याकाळी धाकट्यानं सहा घातले आणि दहा मिनिटांत डबी हातात. अंगठ्याएवढी, आत दमट कागदाची गुंडाळी. नाव मराठीतून लिहून आलो.

अगोबाई! तुमच्या नातवालाही जायचंय ना? जागा फोडायची नसते म्हणतात आणि मी तर उत्तरंच सांगून बसले. बाकीचे आकडे मात्र त्यालाच काढू द्या हं.