पुणेकरांसाठी हिवाळी टायर : निवड, वापर आणि निगा

खोबरेल तेलाची बाटली थिजली, की पुण्यात हिवाळा अधिकृतपणे सुरू होतो. त्याच सुमारास आमच्या म्युनिकच्या भाच्याचा फोटो येतो. यंदाच्या फोटोत तो गाडीशेजारी उकिडवा बसला होता आणि टायरवर हात ठेवून होता, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. खाली ओळ होती : "मामा, विंटर टायर बसवले. तू बसवलेस का?"

प्रश्न सरळ होता. पण तीस वर्षं गाडी चालवलेल्या मामाला भाच्यासमोर "म्हणजे काय असतं रे?" असं विचारता येत नाही. "बघतोय," एवढंच कळवलं आणि खरोखरच बघायला लागलो. त्या अभ्यासातून हाती आलेलं हे मार्गदर्शन समस्त गरजूंसाठी देत आहोत. गरज नसलेल्यांनीही जपून ठेवावं. पुण्यात सल्ला वाया जात नाही, तो पुढे दिला जातो.

पायरी १ : हिवाळा आहे का, ते तपासा

हिवाळी टायरचं सगळं शास्त्र एका आकड्यावर उभं आहे : ७ अंश सेल्सिअस. तापमान त्याच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्यावरची पकड सैल पडते. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तो थंडीतही मऊ राहतो. शिवाय त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात; त्या बर्फाला धरून ठेवतात. थोडक्यात, खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि टायर ७ ला. मधे १७ अंशांचं अंतर आहे, आणि पुण्याच्या थंडीच्या बहुतेक सगळ्या पहाटा त्या अंतरातच उजाडतात.

तरी पुरावा हवा. पुराव्याच्या बाबतीत आपलं शहर भाग्यवान आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही शिमला ऑफिस म्हणतात. येताना नाव आलं, बर्फ तिकडेच राहिला. पुण्याचा नीचांक आहे १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चा. हिवाळी टायर घ्यायला इतका चांगला मुहूर्त त्यानंतर आलेला नाही. एरवी जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी अकरा-बाराच्या घरात असतो आणि दुपारी तिशीला टेकतो. एखाद्या पहाटे तो सातच्या खाली उतरतोही. पण त्या वेळी गाडी कव्हरात असते आणि मालक गोधडीत.

टीप : चर्चेत नेहमी पाषाणचं किमान तापमान सांगावं. लोहगावचं सांगितल्यास आपली बाजू लंगडी पडते.

पायरी २ : मोसम ठरवा आणि जागा शोधा

रस्त्यावर बर्फ किंवा हिमाचा थर असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही, असा जर्मनीत २०१० पासून स्पष्ट नियम आहे. लोकांनी लक्षात ठेवायला त्याचं सोपं रूप केलंय : "ओ ते ओ", ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. पुण्यासाठी आम्ही "स ते शि" सुचवतो : सवाई ते शिमगा. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवासाठी शाल बाहेर निघाली की टायर चढवावेत. होळी पेटली की उतरवावेत (आणि होळीपासून लांब ठेवावेत).

उतरवलेले चार टायर ठेवायचे कुठे? जर्मनीत गॅरेजवाले ते मोसमभर सांभाळतात आणि त्या सोयीला चक्क टायरचं हॉटेल म्हणतात. इथे पर्याय तीन. पलंगाखाली जागा आहे, पण तिथे गाद्या, पितळी परात आणि वीस वर्षांचे दिवाळी अंक आधीच मुक्कामाला आहेत. गच्चीवर ठेवले तर पहिल्या पावसात त्यांत पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास मोसमाआधीच बुकिंग करतात. उरलं सोसायटीचं पार्किंग. तिथे टायर ठेवल्यास सेक्रेटरींची सूचना फळ्यावर लागायला साधारण एक रात्र पुरते.

पायरी ३ : टायर वाचायला शिका

टायरच्या कडेवर पत्रिका छापलेली असते, वाचणारे कमी. समजा, लिहिलंय : १८५/६५ आर १५ ८८ एच. यातले १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा भाराचा निर्देशांक : एका टायरने ५६० किलो पेलावं. एच हा वेगाचा : ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता या शेवटच्या अक्षराकडे बघून मन शांत ठेवावं.

पुढे चार आकडी जन्मतारीख असते. "३५२३" म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. भाजी घेताना मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघणारे आपण, टायर मात्र दुकानदार देईल तो घेतो. निदान ही तारीख बघावी. वापर न होताही रबर म्हातारं होतं.

अस्सल हिवाळी टायरची खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचा कण. बर्फावरची ठरलेली चाचणी पास झाल्याशिवाय ती मिळत नाही. नुसतं "एम अधिक एस" लिहिलं असेल तर ते चिखल आणि बर्फ यांबद्दलचं कंपनीचं स्वतःचं म्हणणं. ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत तेवढ्यावर भागत नाही. पुण्यात त्याचा अर्थ मुरूम आणि सिमेंट असा लावावा, म्हणजे टायरही खरा आणि रस्ताही.

पायरी ४ : चाक निवडा

आता नाना पेठेत जावं. गाडीच्या सुट्या भागांत जे इथे मिळत नाही ते आपल्याला लागतही नाही, अशी श्रद्धा आहे. दुकानात "हिवाळी टायर आहेत का?" असं विचारलं, तेव्हा समोरच्याने आधी आमच्याकडे, मग आमच्या कानटोपीकडे पाहिलं आणि पोराला चहा सांगितला. नंतर त्याने जो सल्ला दिला तो मात्र सगळ्या युरोपच्या उलट होता : "काका, सोळाचे मॅग टाका. गाडी उठून दिसेल."

थंड देशांत हिवाळ्यासाठी उलट एक इंच लहान, साधं पत्र्याचं चाक आणि अरुंद टायर घेतात. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, आणि कडेचं रबर उंच असल्याने धक्का तेच खातं. आता आपलं गणित करू. १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/५५ आर १६ टाकला, तर चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, ६२१ मिलिमीटर. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, घरात कुणाला कळत नाही. पण रिम आणि रस्ता यांच्यातलं रबर १२० वरून १०७ मिलिमीटरवर येतं. ते तेरा मिलिमीटर कुठे गेले? दिसण्यात गेले. खड्ड्याला ते बरोबर सापडतात.

पत्र्याची डिस्क वाकते, आणि ठोकून बऱ्याचदा सरळ होते. अलॉय (दुकानदाराचं मॅग) हलकं आणि देखणं. जोराचा दणका बसला तर तडकतं. निवड स्वभावानुसार करावी. बोल्टचं वर्तुळ, मधलं भोक आणि ऑफसेट मात्र गाडीशी तंतोतंत जुळायला हवेत. पत्रिकेत छत्तीस गुण जमले नाहीत तरी संसार होतात. चाकाच्या बाबतीत तशी सवलत नाही.

पायरी ५ : चाचणी घ्या

जगातला पहिला हिवाळी टायर १९३४ साली फिनलंडमध्ये, ट्रकांसाठी बनला. आजही तिकडच्या कंपन्या चाचणीसाठी आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या बर्फात जातात. पुणेकराला इतकं लांब जायची गरज नाही. पाऊस ओसरला की रस्ते खणायला घेतले जातात; चर बुजवल्यावर वर जी सुटी खडी पसरते, ती ब्रेक दाबताक्षणी बर्फाइतकीच निसरडी वागते. दुचाकीवाल्यांना हे पटवून द्यावं लागत नाही.

मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद चढून उतरते. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाने उंचीचा नियम निष्ठेने पाळलाय. रुंदीचं पान बहुधा फाटलं असावं.

चाचणीत तुलनेसाठी एक चांगला रस्ताही लागतो. त्यासाठी जंगली महाराज रस्ता आहे. १९७६ साली तो दहा वर्षांच्या हमीने बांधून मिळाला आणि हमी संपल्यावरही कित्येक पावसाळे खड्ड्याविना राहिला. तिथे गाडी चालवून टायर निवडू नये. सगळेच टायर उत्तम वाटतात.

पायरी ६ : बर्फावर न्या

एवढं करून टायर घेतलेच, तर एकदा महाबळेश्वर गाठावं. वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी कडाक्याच्या थंडीत पेपरात येते. पहाटे चारला निघायचं ठरतं, साडेपाचला निघणं होतं, वाटेत वाईला मिसळ होते. पोहोचेपर्यंत ऊन आलेलं असतं आणि हिमकणांचं पाणी झालेलं असतं. पहाटे पोहोचलेल्यांना हिमकण दिसतात ते गवतावर, बोटींच्या जेट्टीवर आणि गाड्यांच्या टपांवर. टपावर टायर बसवायची सोय अजून निघालेली नाही.

पायरी ७ : हवा

आता थट्टा बाजूला ठेवू, कारण सगळ्या अभ्यासात पुण्याच्या हिवाळ्याचा खरा धडा मिळाला तो इथे. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरची हवा एक पॉइंटने उतरते. पुण्यात हिवाळ्यात दुपारचे तीस आणि पहाटेचे दहा यांत वीस अंशांचा फरक पडतो. म्हणजे दुपारी पंपावर ३२ हवा भरली, तर पहाटे टायरमध्ये २९ उरते. गळती नाही, पंक्चर नाही. नुसती थंडी. कमी हवेवर टायरच्या कडा झिजतात, पेट्रोल जास्त जातं, आणि खड्ड्यात रिम थेट रस्त्याला भेटते. म्हणून हवा बघायची ती सकाळी, टायर गार असताना. दुपारी दहा किलोमीटर रखडून आल्यावर नव्हे.

नायट्रोजन भरावा का? भरलेला आहेच. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो.

निकाल

पुण्यात हिवाळी टायर घेऊ नयेत. तिशीच्या उन्हात त्यांचं मऊ रबर भराभर झिजतं, आणि कोरड्या, गरम रस्त्यावर गाडी थांबायला साध्या टायरपेक्षा जास्त अंतर लागतं. त्यापेक्षा कंपनीने सांगितलेल्या मापाचा साधा टायर घ्यावा. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर गोटा झाला. तो पावसाळ्याआधीच बदलावा. कारण आपल्या टायरची परीक्षा बर्फ घेत नाही, जून ते सप्टेंबरचं पाणी घेतं.

भाच्याला कळवलं : "नाही बसवले. पण आज सकाळी हवा तपासली. चारही चाकं अठ्ठावीस. स्टेपनी बारा."

तुम्हीही उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी तपासा. हवा किती हवी, याचा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. गाडी घेतली त्या दिवसापासून तो तिथेच आहे.