गॉर्नचा सातबारा

लहानपणी ‘स्टार ट्रेक’मधला ‘अरिना’ पाहणारा प्रत्येक जण कॅप्टन कर्कच्या बाजूचा असतो. समोर फिस्कारणारा हिरवा सरडा, म्हणजे गॉर्न. दुसरा पक्ष निवडायची सोयच नाही.

चाळिशीत, चष्मा पुसून, तोच भाग पुन्हा लावला की पंचाईत होते. 19 जानेवारी 1967 रोजी एनबीसीवर अवतरलेला हा अंतराळातला कर्दनकाळ चालतो कसा, तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर प्रथमच जिना उतरणाऱ्या आजोबांसारखा. परग्रह म्हणजे कॅलिफोर्नियातले वास्केझ रॉक्स. तिथे गॉर्नवर डागायची तोफ बनवायला कर्कला गंधक, कोळसा, सोरा आणि बांबू हाताशीच मिळतात. तोफेत ठासायला हिरेही! (वाण्याकडे यादी दिली तरी एखादा जिन्नस राहतो.) ‘मिथबस्टर्स’वाल्यांनी ती तोफ करून पाहिली, तेव्हा बांबूच फुटला.

पण खरी गंमत जमिनीची. सेस्टस-3 वरची वसाहत बेचिराख झाली म्हणून कर्क सूड घ्यायला धावतो; गॉर्न म्हणतो, तुम्हीच आमच्या हद्दीत घुसलात. कर्कच्याच यानावरच्या डॉक्टर मॅकॉयलाही त्यात तथ्य वाटतं. लहानपणी हा संवाद मारामारीच्या धुळीत हरवलेला असतो. शेजाऱ्याशी बांधावरून कोर्टात गेलेल्या प्रेक्षकाला तो लख्ख ऐकू येतो.

आणि हा तंटा मिटवायला आलेले मेट्रॉन? अतिप्रगत, हिंसेचा तिटकारा असलेले. म्हणून ते दोघांना मरेपर्यंत लढायला लावतात आणि झुंज कर्कच्या यानाच्या, एंटरप्राइजच्या, पडद्यावर थेट दाखवतात.