घरपोच तारीख

वाटपाचा दावा आमच्या तीर्थरूपांनी लावला, त्यांच्या पश्चात वारस म्हणून माझे नाव दाखल झाले, आणि वडिलोपार्जित मिळकतीपैकी ज्या एकाच वस्तूचा निर्वेध कब्जा मला मिळाला ती म्हणजे हा दावा होय. पूर्वी तारखेसाठी पहाटेची एस.टी. धरून तालुक्यास जावे, न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याकडे कान लावून बसावे, शिरस्तेदारांच्या मेजाभोवती अदबीने घुटमळावे आणि दुपारी पुढची तारीख पदरात पाडून परतावे, असा क्रम होता. २००७ साली आरंभिलेल्या ई-कोर्ट प्रकल्पाने हे क्लेश निवारले असून, तीच पुढची तारीख आता घरबसल्या, आंघोळीपूर्वीच, विनामूल्य मिळते.

प्रथम वेडीवाकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसून मनुष्य आहोत हे शाबीत करावे लागते. इतक्या वर्षांच्या खेट्यांनंतर त्याविषयी माझाच निश्चय डळमळीत झाल्याने मी दोनदा अनुत्तीर्ण झालो. नंतर राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम व वर्ष अशी सारी कुळकथा ज्यात गुंफलेली असते तो सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक द्यावा, किंवा पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा. परंतु हयातभर जोडाक्षर ठसठशीत काढणारे आमचे तीर्थरूप विठ्ठलराव रोमन लिपीत उतरताना एक 'टी' गमावून बसले होते, आणि त्या एका अक्षराअभावी मी तीन दिवस बेवारस होतो.

अखेर दावा सापडला. एका पक्षास तीनाहून अधिक तहकुब्या देऊ नयेत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये लिहिले आहे. आमच्या तारखांची यादी मात्र बोटाने सरकवता सरकवता अंगठा दुखू लागला. प्रत्येक तारखेपुढे तिचा हेतूही नमूद होता: 'से' (म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे), पुन्हा 'से', 'वारस दाखल', आणि मग ओळीने 'अनरेडी'. दावा अद्याप तयार नव्हता. तीर्थरूप तेवढे तयारी करून पुढे गेले. देशभरच्या प्रलंबित दाव्यांचा आकडाही राष्ट्रीय न्यायिक माहितीजालावर कोणासही पाहता येतो. जिल्हा व तालुका न्यायालयांतील त्या ४ कोटींहून अधिक प्रकरणांत एक आपले, या विचाराने ऊर भरून येतो.

ही पारदर्शकता सर्वांसाठी आहे, हे कन्येच्या विवाहाच्या वेळी कळले. पत्रिका जुळली, परंतु वरपित्याने आमचे नाव घालून शोध घेतला होता. मुलीच्या मंगळाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, निशाणी ५ वरील मनाई अर्जाची मात्र अर्धा तास चौकशी केली.

त्या अर्जावर परवा एकदाचा हुकूम झाला. तो मी पडद्यावर दोनदा वाचला, वकीलसाहेबांना कळवला, आणि त्यांनी शांतपणे सांगितले की, अपिलाला ही प्रत चालत नाही, प्रमाणित नक्कल लागते. तेव्हा पुन्हा तीच पहाटेची एस.टी. धरली. आत खिडकीपाशी प्रतिवादी क्रमांक एक, म्हणजे आमचे चुलतबंधू, बसले होते. नकला विभागात आम्ही अर्ज एकच केला, फी निम्मी-निम्मी भरली, आणि या दाव्यातील पहिले वाटप कोणाचीही हरकत न येता पार पडले.