मी काहीच दाबलं नाही

मोबाईल बिघडलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मी काहीच दाबलं नाही." दुसरंही ठरलेलं असतं. "आपोआपच झालं." पोलिसांपुढे आणि इन्कम टॅक्सवाल्यांपुढे माणसं निदान अर्धं तरी खरं बोलतात. मोबाईल दाखवायला आलेला माणूस तेवढंही बोलत नाही.

घरातलं मोबाईल खातं माझ्याकडे कधी आणि कुणी सोपवलं, हे आता कुणालाच आठवत नाही. खरा जाणकार माझा मुलगा. पण त्याची पद्धत अशी, की आजोबांच्या हातून फोन घ्यायचा, चार वेळा अंगठा फिरवायचा आणि "झालं" म्हणून परत द्यायचा. काय झालं होतं, कशानं झालं, पुन्हा झालं तर काय करायचं, याबद्दल चकार शब्द नाही. भाचा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो "मॉडेल कोणतं?" एवढंच विचारतो आणि आपण मॉडेल शोधून काढेपर्यंत झोपी जातो. नवऱ्याला फोनमधलं फक्त क्रिकेट कळतं. राहता राहिले मी. त्यातून मी बँकेत नोकरीला, म्हणजे मला 'कॉम्प्युटर येतो' अशी सासरची ठाम समजूत. ही समजूत डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या विंगमध्ये पसरली आहे. त्यामुळे रविवारी बेल वाजली की दारात कुणीतरी फोन घेऊन उभं असतं.

नाशिकच्या आत्या दारात येऊ शकत नाहीत, म्हणून त्या फोन करतात. परवा त्यांचा काकांच्या नंबरवरून फोन आला. आवाज अगदी दबका.

"अगं, माझ्या फोनमध्ये एक बाई बोलतेय."

"कोण बाई?"

"मी काय ओळखते तिला? इंग्रजीत बोलते. मी जिथे बोट ठेवते तिथलं मोठ्यांदा वाचते. घड्याळावर ठेवलं तर किती वाजले ते सांगते. आणि काही उघडायला जावं तर उघडत नाही, नुसती एक चौकट येते."

काकांनी फोन हॅक झाल्याचं जाहीर केलं होतं. पेन्शनचे पैसे जाऊ नयेत म्हणून फोन पंचात गुंडाळून कपाटात ठेवला होता आणि कपाटाला किल्ली लावली होती. पण बाई किल्लीला जुमानणारी नव्हती. "ऐक, ऐक, आत्ता आतून व्हॉट्सॲप म्हणाली बघ," आत्या म्हणाल्या.

कपाटातल्या त्या बाईचं नाव टॉकबॅक. अँड्रॉइड फोनमधली ही सोय ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असते. ती चालू झाली की एकदा बोट लावल्यावर फोन नाव वाचतो, दोनदा टकटक केल्यावर उघडतो आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. बहुतेक फोनांत आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम तीनेक सेकंद दाबून धरली की ती चालू होते. आत्या नातवाच्या गॅदरिंगचं शूटिंग करत होत्या. फोन पडू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

"आत्या, तेव्हा फोननं काही विचारलं होतं का?"

"विचारत होतं गं काहीतरी. मी ओके म्हटलं."

कपाट उघडायला लावलं, पंचा सोडवायला लावला, दोन्ही बटणं पुन्हा दाबून धरायला सांगितलं. पलीकडे शांतता. मग आत्या म्हणाल्या, "गेली." थोड्या वेळानं जरा हळहळून, "वेळ मात्र बरी सांगत होती."

आमच्या बँकेत एक दृष्टिहीन सहकारी आहेत. ते हीच सोय इतक्या भन्नाट वेगानं ऐकतात, की शेजारी बसलेल्याला नुसती खरखर ऐकू येते. ते तेवढ्यात तीन मेल वाचून चौथीला उत्तर देतात. फोनचा पुरेपूर वापर कसा करावा हे शिकायचं तर अशा माणसाकडून शिकावं. बाकीचे आपण सगळे ओकेवाले.

माझं तर ठाम मत झालंय, की फोन फारसा बिघडतच नाही. तो दर वेळी विचारतो. आपण वाचत नाही. जी माणसं मेथीची जुडी घेताना देठापासून पानापर्यंत तपासतात, तीच माणसं फोननं काहीही विचारलं तरी न वाचता 'अलाऊ' दाबून मोकळी होतात. पत्त्यांच्या खेळाचं ॲप तुमचे सगळे कॉन्टॅक्ट्स मागतं, मायक्रोफोन मागतं. दूधवाल्यानं तिजोरीची किल्ली मागितली तर आपण देऊ का? इथे देतो. दिलेल्या परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन काढून घेता येतात, हे सांगितलं की माणसं उलट मलाच विचारतात, "पण मग ते रागावणार नाही ना?"

दुखण्यांपैकी सर्वांत मोठा वर्ग रिस्टार्टनं बरा होतो. फोन दिवसचे दिवस चालूच असतो, ॲप्स मेमरी अडवून बसतात, एखादं मध्येच अडकतं. बंद करून चालू केला की सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा नव्यानं आत घेतलं जातं. रेंजचंही तेच, फोन टॉवरशी नव्यानं ओळख करून घेतो. उपाय एवढा साधा आहे हीच त्यातली अडचण. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना मी एकदा दारातच रिस्टार्ट करून दिला, तर ते खट्टू झाले. तेव्हापासून मी फोन हातात घेते, कपाळाला आठ्या घालते, सेटिंगमध्ये जाऊन "हं… हं…" करते, "कधीपासून होतंय?" विचारते आणि मग रिस्टार्ट करते. रुग्ण समाधानानं जातो.

यानंतरचा मोठा आजार म्हणजे जागा नसणं. या बाबतीत आमचे सासरे, म्हणजे बाबा, आंतरराष्ट्रीय दर्जाचे आहेत. ही अतिशयोक्ती नाही. भारतातल्या लोकांचे फोन इतके कशानं भरतात याचा शोध गुगलच्या संशोधकांनी घेतला, तर कारण निघालं सकाळी सकाळी एकमेकांना पाठवल्या जाणाऱ्या 'सुप्रभात'च्या चित्रांचं. २०१८च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलनं त्याची बातमी छापली. ही चित्रं हुडकून पुसायची सोय गुगलनं आपल्या फाइल्सच्या ॲपमध्ये केली. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. आपली दखल घेतली गेली म्हणून.

त्यांच्या फोनमध्ये उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि त्यावर सुविचार, अशी जनता खच्चून भरलेली. गेल्या कित्येक संक्रांतींचा तिळगूळ, कित्येक दसऱ्यांची आपट्याची पानं. कुण्या अपघातग्रस्ताला तातडीनं ओ निगेटिव्ह रक्त हवं असल्याचा मेसेज, ज्यातला रुग्ण एव्हाना बरा होऊन निवृत्तही झाला असेल. आणि दिवाळीच्या रात्री अवकाशातून झगमगणारा भारत! तो फोटो दिवाळीचा नाहीच. वर्षांवर्षांत शहरांचे दिवे कसे वाढत गेले हे दिसावं म्हणून उपग्रहाच्या जुन्या-नव्या चित्रांना वेगवेगळे रंग देऊन केलेला तो नकाशा आहे, असं नासानं २०१२मध्येच सांगून टाकलं. बाबांकडे तरीही दर दिवाळीचा वेगळा जपलेला.

"हा काढू?" मी विचारते.

"थांब थांब, तो साहेबांनी पाठवलाय."

"साहेब रिटायर होऊन वीस वर्षं झाली, बाबा."

"म्हणून काय झालं? साहेब ते साहेब."

शेवटी तहाची बोलणी होतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' असतं. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फाइली आयत्या वेगळ्या काढून ठेवलेल्या सापडतात. फॉरवर्डचा गठ्ठा मी उडवायचा, साहेबांचा सूर्य ठेवायचा, असं ठरतं. मग तिथेच मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करून टाकते. ते त्यांना सांगत नाही.

बॅटरीबद्दल प्रत्येकाचा एक स्वतंत्र धर्म असतो. बाबांचा धर्म, बॅटरी पार उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना हे लागू होतं. त्या बॅटऱ्या गेल्या, धर्म राहिला. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला शून्यावर नेलेलं मुळीच आवडत नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांमध्ये ती खूश असते. शेजारच्या वहिनींचा धर्म वेगळा. त्या दर पाच मिनिटांनी उघडी ॲप्स वर सरकवून बंद करतात, झाडू मारावा तशा निष्ठेनं. तेच ॲप पुन्हा मुळापासून उघडायला फोनला जास्त मेहनत पडते, हे सांगून उपयोग नसतो. या बॅटरीचा खरा वैरी एकच, उष्णता. आणि आपण काय करतो? फोनला जाडजूड कव्हर घालतो, कव्हरमध्ये दहाची नोट, लोकलचा पास, डॉक्टरांची चिठ्ठी आणि देवीचा फोटो खोचतो, मग तो चार्जिंगला लावून उशीखाली ठेवतो. वर तक्रार, की गरम होतो.

मामांचा फोन चार्जच होत नव्हता. दुकानदारानं आतलं सर्किट बदलायला सांगितलं होतं. फोन बंद केला, लाकडी टूथपिक घेतली (धातूची पिन कधीही घालू नये) आणि चार्जिंगच्या खाचेतून अलगद फिरवली. आधी खिशातल्या कापडाचा बोळा निघाला. मग तपकिरी चुरा निघाला. मामींनी तो बोटावर घेतला, वास घेतला आणि मामांकडे पाहिलं. मामांनी तंबाखू सोडली त्याचे पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते. फोन त्या क्षणापासून व्यवस्थित चार्ज होतो. मामा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

भिजलेला फोन तांदळात ठेवू नये, हे मी दर पावसाळ्यात सांगते. तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोन बिघडू शकतो, असं ॲपलनं २०२४मध्ये आपल्या ग्राहकांना स्पष्ट बजावलं आहे. फोन बंद करावा, पुसावा, खाच खाली करून हवेशीर जागी ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नये. पण तांदळावरची श्रद्धा अढळ आहे. हेडमास्तरांनी तर आंबेमोहोर वापरला होता. फोन वाचला नाही. तांदळाची खिचडी झाली.

पासवर्डबद्दल बोलायचं तर रात्र पुरणार नाही. नवा फोन घेतला की दुकानातला मुलगा विचारतो, "जीमेल पासवर्ड?" उत्तर येतं, "ते काय असतं?" मग तो बिचारा स्वतःच नवं खातं काढून देतो. जुन्या खात्यात जुने नंबर आणि बारशापासून मुंजीपर्यंतचे फोटो अडकून पडतात. बाबांच्या डायरीत मात्र पासवर्डसाठी स्वतंत्र पान आहे. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय : 'नवीन पासवर्ड – जुनाच.'

तरीही याच मंडळींना मी सांगते, की फोनमध्ये तुमच्यासाठी खूप काही आहे. अक्षरं मोठी करता येतात. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर कॅमेऱ्यानं मोठा करून वाचता येतो. आणि मराठीत नुसतं बोलून टाइप करता येतं. आईंना हे फार आवडलं. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी एका घरी सांत्वनाचा मेसेज बोलून टाइप केला. फोननं तो इमानदारीत लिहून घेतला : 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत अहो गॅस बंद करा उतू गेलं.' न वाचता पाठवलाही.

एका बाबतीत मात्र मी थट्टा करत नाही. लग्नाची पत्रिका म्हणून किंवा गाडीचं चलन म्हणून एखादी फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल, तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. उघडून 'ओके' केलंत की तुमचे ओटीपी दुसरंच कुणीतरी वाचू लागतं. पत्रिका बघायला ॲप टाकावं लागत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि आत्ताच फोनवर *#०६# दाबून येणारा १५ आकडी आयएमईआय नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून 'संचार साथी'वर त्या नंबरावरून तो ब्लॉक करता येतो. फोनमध्येच लिहून ठेवू नका. ठेवणारे आहेत, म्हणून सांगते.

तेव्हा रविवारी येणाऱ्यांना एवढीच विनंती. निघण्याआधी फोन एकदा बंद करून चालू करा. निम्मे लोक जिन्यातूनच परत जातील. उरलेल्यांनी जीमेलचा पासवर्ड शोधून, फोन चार्ज करून यावं. चार्जर आपापला आणावा. माझा गेल्या रविवारी कुणीतरी नेलाय. पांढरा आहे, टाइप-सी, वायरला निळी चिकटपट्टी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो परत आणून द्यावा, काही विचारणार नाही.