चार्जरचा चार्जर

लिथियम पॉलिमर बॅटरीच्या खोक्यात एक घडीचा कागद निघतो. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चार्जिंग 0 ते 45 अंश तापमानातच करावं. हा कागद लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं जळगाव पाहिलेलं नाही. त्या महिन्यात दुपारी पारा 45 च्या उंबऱ्यावरच बसलेला असतो आणि मनात आलं की आत येतो. म्हणजे कंपनीच्या हिशोबाने अख्खं शहर रोज चार तास वॉरंटीबाहेर जातं. शून्याच्या बाजूने मात्र आमची कधी तक्रार आलेली नाही.

माझा भाचा मूळचा धुळ्याचा. इंजिनिअरिंगला जळगावला आहे, आमच्याकडेच राहतो आणि अभ्यासाच्या वेळात विमानं बनवतो. फोमची, रिमोटवर उडणारी. त्यांना सहा-सहा सेलच्या बॅटऱ्या लागतात आणि त्या दहा मिनिटांच्या आत संपतात. एकेक भरत बसायचं तर उडवणं शनिवारी आणि चार्जिंग उरलेला आठवडा. म्हणून त्याने साठवलेले सगळे पैसे घालून एक दणकट चार्जर मागवला. तळहातावर मावेल एवढा, रंगीत पडदा, बटणं, सगळं झकास. फक्त भिंतीच्या बोर्डात खुपसायची पिन नव्हती.

“मामा, याला डीसी द्यायचं असतं. 10 ते 30 व्होल्ट.”

“मग देऊ की.”

“पाचशे वॅट.”

फोन धुळ्याला गेला. दाजींनी, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी, शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “चार्जरले बी चार्जर लागस का भो?”

लागतो. हिशोब साधा आहे. एक सेल 4.2 व्होल्टला भरतो, सहांचे झाले 25.2. पाच-पाच हजार मिलिअँपिअरच्या चार बॅटऱ्या समांतर जोडल्या तर तासाभरात भरायला 20 अँपिअर लागतात. गुणाकार पाचशेच्या वर जातो. भिंतीतून येताना हेच पाचशे वॅट अडीच-पावणेतीन अँपिअरचे असतात, कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत. तेच 12 व्होल्टवर उतरले की गळती धरून 45 अँपिअर होतात. तयार सप्लाय विकत मिळतो, पण त्याची किंमत ऐकल्यावर सौ. म्हणाल्या, “त्यात खरं विमान येईल.” तेव्हा घरीच बनवायचं ठरलं.

दाजींना या खात्यात मान आहे. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांनी कितीतरी वर्षं मोटार वाइंडिंगचं दुकान चालवलं. पण त्यांची खरी कीर्ती 1987 ची. दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं आणि गावाकडची लाईन नेमकी तेव्हाच जायची. दाजी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत आणि 12 व्होल्टवर चालणारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही तिला जोडत. बॅटरी उतरायला लागली की चित्र चारी बाजूंनी आक्रसत जाई. वनवासाचा बराचसा भाग गावाने पोस्टकार्डाच्या आकारात पाहिला. दुपारी तोच ट्रॅक्टर उतारावरून ढकलून सुरू करावा लागे, पण ढकलायला माणसं आयतीच जमलेली असत.

त्या बॅटऱ्या स्वभावाने सोशिक होत्या. रात्रभर चार्जिंगला विसरलात तरी बुडबुडे सोडत बसत, सकाळी डिस्टिल्ड वॉटर पाजलं की राग गेला. ही नवी लिथियमची जात तशी नाही. 4.2 च्या जागी साडेचार गेले तर फुगते आणि फार झालं तर पेट घेते. दाजींचं मत असं की जी वस्तू रुसली की घर जाळते, ती घरात आणूच नये. भाच्याचं मत असं की वडिलांनी जरा वाचावं. मी मध्ये बसून दोघांना चहा देतो.

पुढच्या रविवारी दाजी स्वतः आले, एस.टी.ने, पारोळा-एरंडोलवरून, मांडीवर लोखंडी ट्रान्सफॉर्मर घेऊन. हाताने गुंडाळलेला, वजन असं की कंडक्टरने त्याचं वेगळं लगेज फाडलं. भाच्याने नमस्कार केला आणि लगेच आकडेमोड सुरू केली. एसीचं डीसी करायला डायोडचा ब्रिज लागणार, त्यातल्या दोन डायोडांत मिळून दोनेक व्होल्ट जाणार, 45 अँपिअरला म्हणजे नुसत्या ब्रिजवर 90 वॅटची शेगडी. वर व्होल्टेज लाईनबरोबर वरखाली होणार ते वेगळंच. दाजींनी चहा संपवला. तो ट्रान्सफॉर्मर सध्या आमच्या मागच्या दाराला लावलेला असतो. कितीही वारा सुटला तरी दार आपटत नाही.

भाच्याने मागवला होता तो सर्व्हरमधून निघालेला जुना पॉवर सप्लाय. जगभरचे विमानवाले हेच वापरतात, कारण कंपन्या सर्व्हर बदलतात तेव्हा हे सप्लाय भंगाराच्या भावात सुटतात. वजन थोडं, आणि लेबलवर 12 व्होल्ट, 200 च्या वर लाईन असेल तर 1200 वॅट, कमी लाईनला 900. दाजींनी तो हातात तोलून पाहिला आणि त्यांना तो रिकामा वाटला. आत लाईन आधी डीसी होते, मग सेकंदाला हजारो वेळा तोडली जाते, आणि जितक्या वेगाने तोडाल तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरच्या नशिबी मात्र सेकंदाला पन्नासच फेरे होते, म्हणून ते पोट.

या सप्लायला चालू करायचं बटण नसतं. मागच्या बाजूच्या ठरावीक दोन पट्ट्या रेझिस्टरने जोडाव्या लागतात, म्हणजे त्याला वाटतं आपण अजून सर्व्हरमध्येच आहोत. निवृत्तीची बातमी त्याला लागू द्यायची नाही, एवढीच काय ती युक्ती. ती जमली आणि आतला बोटभर पंखा असा किंचाळला की शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, “गिरणी घातली का रे? दळण आणू?”

खरा वाद झाला वायरीवरून. भाच्याने टेबलाशेजारची साधी एक चौरस मिलिमीटरची वायर उचलली होती. इथे दाजी उठून बसले. “बारीक वायर नको लावू भो.” आणि या वेळी आकडेमोड त्यांच्या बाजूने निघाली. जाऊन-येऊन चार मीटर वायर धरली तर 45 अँपिअरला तिच्यातच तीन व्होल्टच्या वर मरणार, आणि दीडशे वॅटच्या आसपास उष्णता. म्हणजे चार्जरपर्यंत 9 व्होल्ट पोचणार आणि तो 10 च्या खाली काम करत नाही. दाजींनी चपला घातल्या, अजिंठा चौफुलीकडे गेले आणि ट्रॅक्टरच्या स्टार्टरची अंगठ्याएवढी केबल घेऊन आले. ती लावल्यावर व्होल्टचा पाव हिस्सासुद्धा गेला नाही. 1987 पासून दाजींचा विश्वास असलेली वस्तू शेवटी कामी आलीच.

मग भाच्याच्या डोक्यात 24 व्होल्ट आले. दोन सप्लाय एकावर एक जोडले की अँपिअर निम्मे होतात, केबल सुखी, चार्जर सुखी. अडचण एकच. या सप्लायचं ऋण टोक पेटीला जोडलेलं असतं आणि पेटी तिसऱ्या पिनेतून अर्थिंगला. वरच्या सप्लायचं ऋण टोक आता 12 व्होल्टवर, आणि त्याची पेटी म्हणते शून्य. सरळ शॉर्ट. गल्लीतल्या प्रत्येक जाणकाराने येऊन यावर उपाय सांगितला, आणि सगळ्यांचा उपाय एकच होता: “तिसरी पिन मोडून टाक.”

तिसऱ्या पिनेशी खानदेशाचं जुनं वैर आहे. दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून ती कित्येक घरांत पक्कडीने मोडली जाते, आणि मग उन्हाळ्यात कूलरला हात लावायचा तर पायात चप्पल लागते. बायाबापड्या चप्पल घालून कूलरमध्ये पाणी ओततात आणि झटका बसला तर म्हणतात, कूलर जरा लागतो. लागतो! असं सांगतात की त्याला जणू शिंग आहे. सर्व्हरच्या सप्लायमध्ये लाईनवर बसवलेला फिल्टर असतो, त्याची थोडी गळती कायम पेटीकडे असते. तिसरी पिन मोडली की ती गळती हात लावणाऱ्याची वाट पाहत बसते.

बरोबर उपाय कंटाळवाणा आहे. वरचा सप्लाय उघडून त्याचं ऋण टोक पेटीपासून आतल्या आत सोडवायचं, नायलॉनचे वॉशर घालायचे आणि पेटीचं अर्थिंग तसंच ठेवायचं. उघडण्याआधी वाट पाहायची, कारण आतले कपॅसिटर पिन काढल्यावरही चारशेच्या आसपास व्होल्ट धरून असतात. हे काम दाजींनी केलं. जन्मभर जळक्या मोटारी उघडलेल्या माणसाला घाई नसते. शिवाय धुळ्याला परत जाऊन त्यांनी स्वतःच्या घरचा अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात मीठ-कोळसा भरला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. नळाला पाणी बऱ्याच दिवसांनी आलेलं होतं. बहीण त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

विमान उडतं ते दाजींच्या धुळ्याजवळच्या पडीक रानात, तेव्हा सगळी यंत्रणा तिकडेही जाते. तिथे वेगळाच अनुभव. एका बाजूला भुसावळजवळ दीपनगरला 500 मेगावॉटचे संच, दुसऱ्या बाजूला साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प, आणि मधल्या रानात पंपाची लाईन आज दिवसा की रात्री ते वेळापत्रक पाहून ठरतं. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं आणि आमचा सप्लाय निमूटपणे 900 वॅटवर येतो. भाच्याला भारी वाईट वाटतं. दाजी म्हणतात, पिकाला पाणी मिळू दे, विमान काय पळून जातं?

जळगावात चार्जिंग रात्री दहानंतर होतं, ओसरीवर, फरशीवर, शेजारी रेतीची बादली आणि समोर खुर्ची टाकून एक माणूस. एकट्या बॅटऱ्या सोडून कोणी उठायचं नाही हा घरचा नियम आहे.

आता गल्लीत बातमी फुटलीय की आमच्याकडे शंभर अँपिअरचा सप्लाय आहे, आणि लोक इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या उचलून आणतात. त्यांना आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो. 12 व्होल्टच्या सप्लायने 12 व्होल्टची शिशाची बॅटरी भरत नाही. भरलेली बॅटरी स्वतःच 12.6 दाखवते, तिला भरायला 14 च्या वर लागतात. हे मी समजावतो, समोरचा मान हलवतो आणि विचारतो, मग दोन तास तरी लावून ठेवू का? कृपा करून बॅटरी आणू नका. भरीत खायला केव्हाही या. येताना वांगी बामणोदची आणा.