वीस मिनिटंवाले काका

सोनमर्गच्या पुढच्या चौकीवर गाडी थांबली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, की टेम्पो ट्रॅव्हलरमधला एक माणूस हमखास उठतो. वय पासष्टच्या आसपास, माकडटोपी, टोपीवर चढवलेला गॉगल, मुठीत कापराची पुरचुंडी आणि खिशात पोस्टपेड फोन. यातली शेवटची वस्तू महत्त्वाची. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये मुकी होतात. त्यामुळे अख्ख्या गाडीत जगाशी संबंध राहिलेले इसम दोनच उरतात: टूर मॅनेजर आणि हे. टूर मॅनेजर जेमतेम पंचविशीचा असतो आणि उलट्या होणाऱ्या काकूंसाठी लिंबू शोधत असतो. सूत्रं आपसूक यांच्याकडे येतात.

"जरा बघून येतो," असं म्हणून ते उतरतात. मागून "अहो, कानाला वारं लागेल" ऐकू येतं, ते त्यांच्यासाठी नसतंच.

नाव काहीही असो, गाडी त्यांना काका म्हणते. निवृत्तीपूर्वी ते बँकेत असतात, विमा कंपनीत असतात, मंत्रालयात असतात. क्वचित खरोखरच बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला एखादा निघतो, पण तो गाडीतून उतरत नाही. रस्ता कसा होतो हे त्याला माहीत असतं, म्हणून तो झोपतो.

आता जोजिला खिंडीत गाड्या का अडवतात, यात गुपित काही नाही. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता इथे ११,५७५ फुटांवर चढतो, आणि बालटालच्या अंगाने तो सरळ कड्यात कोरलेला आहे. समोरासमोर दोन ट्रक आले, की एकाने डोंगराला चिकटायचं आणि दुसऱ्याने देवाचं नाव घ्यायचं. म्हणून एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. दुसरी बाजू सोनमर्गला किंवा पलीकडे मीनामर्गला थोपवून धरतात. मधल्या मोकळ्या वेळात दरडी उचलायच्या, खचलेली कड बांधून काढायची, चिखलावर खडी टाकायची. उद्या आधी कोणती बाजू सुटणार आणि किती वाजल्यानंतर आलेली गाडी सोडणार नाहीत, हे वाहतूक पोलीस आदल्या दिवशीच जाहीर करतात. ते ड्रायव्हरला ठाऊक असतं, हॉटेलच्या काउंटरवरच्या पोऱ्यालाही ठाऊक असतं.

काका ते वाचत नाहीत. जाहीर झालेली वेळ ही त्यांच्या लेखी सर्वसामान्य जनतेसाठी असते. त्यांना आतली बातमी हवी असते.

ती मिळवायची त्यांची पद्धत मी जवळून पाहिली आहे. प्रथम चहाच्या टपरीवर, "क्यों भैया, रस्ता कब मोकळा होयेगा?" टपरीवाला हसतो. हसण्याचा अर्थ काका आपल्या सोयीने लावतात. मग चौकीवरचा जवान. तो बिचारा अदबीने सांगतो, "पता नहीं सर, ऊपर से ऑर्डर आएगा।" काका पाठीमागे हात बांधून गाडीकडे परततात आणि दारात उभे राहून जाहीर करतात, "वरून ऑर्डर निघालीय. वीस मिनिटं."

गाडीत चैतन्य पसरतं. बाकरवडीचा डबा उघडतो.

खरं उत्तर गाडीतच बसलेलं असतं. कारगिलचा ड्रायव्हर, या रस्त्यावर अर्धं आयुष्य काढलेला. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "खुलेगा तो जाएंगे।" एवढं नेमकं विधान या डोंगरात दुसरं कुणी करू शकत नाही, पण त्याने कुणाचंही पोट भरत नाही. पर्यटकाला आकडा लागतो. बाथरूमला आत्ता जावं की नंतर, मॅगी मागवावी की नको, घरी फोन लावून "पोचलो" सांगावं की "अडकलो", हे सगळं आकड्यावर ठरतं. काका आकडा देतात. पहिली वीस मिनिटं टळतात, दुसरी जाहीर होतात, तिसरी होतात. कुणी हिशेब मागत नाही. उलट चौथ्या खेपेला काका दिसेनासे झाले, की गाडी अस्वस्थ होते आणि "काका कुठे गेले?" असं ज्या सुरात विचारलं जातं, त्या सुरात टूर मॅनेजरची चौकशी कधी होत नाही.

या विद्येचा पाया घरीच घातलेला असतो. एक्स्प्रेस वेवर दोन तासांचा ब्लॉक जाहीर झाला, की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला सल्ला यांचा. २०२२च्या उन्हाळ्यात चिपळूणजवळचा परशुराम घाट चौपदरीकरणासाठी महिनाभर दुपारी १२ ते ५ बंद ठेवला होता, तेव्हा लोटे-चिरणी-आंबडस-कळंबस्ते हा पर्यायी मार्ग काकांनी रामरक्षेसारखा पाठ केला. ते स्वतः त्या वर्षी कोकणात गेलेच नव्हते, ही गोष्ट वेगळी.

तासाभराने माहिती संपते आणि इतिहास सुरू होतो. "१९४८ साली जनरल थिमय्यांनी याच खिंडीत रणगाडे चढवले. रणगाडे! नोव्हेंबरात, बर्फात!" हे मात्र अगदी खरं आहे. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद केली आणि स्टुअर्ट रणगाडे इतक्या उंचीवर आणून शत्रूला थक्क केलं. "आणि आपली टेम्पो ट्रॅव्हलर जात नाही," असा समारोप काका करतात, तेव्हा ड्रायव्हर खिडकीबाहेर बघतो. रणगाड्याला समोरून ट्रक येत नव्हता, हे कुणी म्हणत नाही.

इतिहासानंतर भविष्य. तेरा किलोमीटरहून लांब जोजिला बोगदा. २०२०च्या ऑक्टोबरात पहिला सुरुंग उडवला तो आपल्या नागपूरच्या गडकरींनी. हे सांगताना काकांचा आवाज घरच्या लग्नातल्यासारखा होतो. बोगदा पुरा झाला, की तीन तासांची खिंड किती वेळात पार होणार? सरकारी अंदाजही वीस मिनिटांचाच आहे. हा आकडा सरकारने काकांकडून घेतला असावा, अशी मला शंका आहे. पूर्वी हिवाळ्यात ही खिंड पाच-सहा महिने बंद असे. २०२५ साली सीमा सडक संघटनेच्या माणसांनी ती ३२ दिवसांत, १ एप्रिलला उघडली. काकांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "नियोजन असेल तर एकतीस दिवसांत झालं असतं."

हसू येतं, पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रस्त्याकडेला तोंडाला फडकं बांधून खडी फोडणारी माणसं झारखंडच्या दुमक्याकडून आलेली असतात. पंचवीस फोनांनी त्यांच्यामागच्या बर्फाचे फोटो काढले. त्यांचं गाव कुठलं, घरी कोण, थंडीत काय करता, हे विचारायला गेले ते एकटे काका. चिवड्याचं अख्खं पाकीटही देऊन आले. दगड कसा बसवावा हेही दाखवून आले, आणि एका पोरसवदा मजुराने तो मुकाट्याने पुन्हा काढून नीट बसवला.

अखेर शिट्टी होते. जेसीबी बाजूला सरकतो, ट्रकांची धुराडी एकदम पेटतात. काका शेवटचे चढतात, दार ओढून घेतात आणि घड्याळ न बघता म्हणतात, "बोललो होतो." वर चढताना ते गप्प असतात. सगळेच असतात. दरीच्या बाजूच्या खिडक्यांचे पडदे ओढले जातात, कापूर हातोहात फिरतो आणि खाली बालटालचे तंबू चिमूटभर दिसतात.

मीनामर्गला नोंदीसाठी गाडी थांबते. समोर उतरणाऱ्या गाड्यांची रांग सकाळपासून ताटकळलेली. तीतून एक माकडटोपी आमच्या खिडकीशी येते.

"महाराष्ट्र का? कुठले?"

"नाशिक. आपण?"

"डोंबिवली. काय हो, आम्हाला कधी सोडतील?"

आमच्या काकांनी या खेपेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. "आमच्या मागे ट्रकांची ही रांग आहे. ती सगळी वर यायचीय. दोन-अडीच तास धरून चाला."

माकडटोपी दयेने हसते, खिशातल्या फोनवर थाप मारते. "छे छे. मला आतून कळलंय. वीस मिनिटं."

काका खिडकीची काच वर करतात. "लोक काय वाट्टेल ते ठोकून देतात," असं म्हणून द्रासला जेवायला किती वाजता पोचणार, ते गाडीला सांगू लागतात.