बाई परवडत नाही

फ्रेंच राज्यक्रांतीतलं पॅरिस. रस्त्यांवर हजारोंचा जमाव, मधोमध गिलोटिन आणि मागे नोत्र दामचं चर्च, तेही दगडावरच्या नक्षीसकट. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या व्हिडिओ गेममध्ये हे सगळं उभं केलं. चार मित्रांना एकत्र खेळायची सोयही दिली. चारही कॅरेक्टर अर्थातच पुरुष.

त्या वर्षी जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेम कंपन्यांच्या मेळाव्यात पत्रकारांनी विचारलं, बाई कुठे आहे? उत्तर मिळालं, यादीत होती हो, पण काढावी लागली. बाई घ्यायची म्हणजे चालणं वेगळं, आवाज वेगळा, कपडे वेगळे. काम दुप्पट.

पटण्यासारखं आहे. बाई घरात आली की खर्च वाढतो, हे आपल्याकडेही पुष्कळांनी पुष्कळदा सांगून झालंय.

फक्त हिशोबाची वही जरा उलटून बघू. एकट्या नोत्र दामवर एका कलाकाराची जवळजवळ दोन वर्षं गेली. त्याला वेळ होता. आणि ती कलाकार म्हणजे कॅरोलिन मिउस, म्हणजे बाईच. थोडक्यात, चर्च बांधायला बाई चालते. चर्चवर चढायला नाही.

बरं, गेममध्ये बाई नव्हतीच असंही नाही. नायक आर्नोची प्रेयसी एलीस आहे की. ती चालते, पळते, तलवार चालवते आणि शेवटी नायकाला दुःख व्हावं म्हणून मरते. एवढ्या सगळ्या हालचालींचं बजेट मंजूर झालं होतं. नामंजूर झालं ते एकच, तिची बटणं खेळणाऱ्याच्या हातात देणं.

‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेवर आधी काम केलेला जोनाथन कूपर हा ॲनिमेटर त्या वेळी जाहीरपणे म्हणाला की हे एक-दोन दिवसांचं काम आहे. त्याने आणखी एक भांडं फोडलं. २०१२ मध्ये याच कंपनीने आव्हलीन नावाची नायिका असलेला ‘लिबरेशन’ हा गेम काढला होता, आणि तिच्या कितीतरी हालचाली सरळ कॉनर या पुरुष नायकाकडून उचललेल्या होत्या. म्हणजे ‘चालणं वेगळं’ ही अडचण कंपनीने दोन वर्षांपूर्वीच, फारसा खर्च न करता, सोडवून ठेवली होती. मग विसरली.

आणि गेमचा विषय काय, तर मारेकरी. त्या राज्यक्रांतीतला सगळ्यात गाजलेला मारेकरी कोण? शार्लोट कॉर्दे. १३ जुलै १७९३ रोजी ती मारा या क्रांतिकारक पुढाऱ्याच्या घरी गेली आणि स्नानाच्या टबात बसलेल्या माराच्या छातीत तिने सुरी खुपसली. सुरी स्वयंपाकघरातली, त्याच सकाळपर्यंत दुकानात पडलेली. इतिहासाला ही बाई फारच स्वस्तात पडली.

नोव्हेंबरमध्ये गेम बाजारात आला आणि लोकांच्या पडद्यावर पात्रांचे चेहरेच गायब झाले. उरले नुसते डोळे, दात आणि केस. कंपनीला माफी मागावी लागली. बाई गाळून वाचवलेला वेळ नेमका कुठे खर्च झाला, हे त्या माफीनाम्यात नव्हतं.

पुढे कंपनी सुधारली. म्हणजे सुधारल्यासारखी दिसली. याच मालिकेतल्या २०१५ च्या ‘सिंडिकेट’मध्ये जेकब आणि ईव्ही अशी जुळी भावंडं आली. मुखपृष्ठावर भाऊ पुढे ऐसपैस बसलेला, बहीण मागे उभी. घरातल्या जुन्या फोटोंत असते तशीच. २०१८ च्या ‘ओडिसी’त कसँड्रा किंवा तिचा भाऊ अलेक्सिओस यांपैकी एक निवडायची मुभा मिळाली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मग जुलै २०२० मध्ये ब्लूमबर्गने तिथल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या हवाल्याने बातमी दिली. ‘ओडिसी’ची नायिका मुळात एकटी कसँड्राच असणार होती. नुसत्या बाईवर गेम खपत नाही, असं मार्केटिंग विभाग आणि सर्जनशील विभागाचे प्रमुख सर्ज हास्कोएत यांचं म्हणणं पडलं, म्हणून भाऊ घुसवला. म्हणजे आम्ही जिच्यासाठी टाळ्या वाजवल्या ती बाईला मिळालेली जागा नव्हती, बाईच्या जागेतून पुरुषाला काढून दिलेला वाटा होता. गैरवर्तनाच्या तक्रारींचा गदारोळ उठला तेव्हा, त्याच महिन्यात, हास्कोएत यांनी राजीनामा दिला. आणि ‘ओडिसी’च्या अधिकृत कादंबरीची नायिका? कसँड्रा. कागद बहुधा स्वस्त असावा.

एकट्या युबिसॉफ्टला का झोडपा? १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतातला वीर शेवटी बाई निघतो, हे कौतुकाने सांगितलं जातं. गेम जितक्या लवकर संपवाल तितके तिचे कपडे कमी होतात आणि एका तासाच्या आत संपवलात तर ती बिकिनीत दिसते, हे जरा हळू आवाजात. मारिओच्या गेममधल्या राजकुमारी पीचला २००५ मध्ये स्वतःचा गेम मिळाला, तर तिची शस्त्रं म्हणजे तिचे मूड. मारिओ उडी मारून शत्रू चिरडतो, ही रडून आग विझवते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ तर जिच्या नावाने चालते त्या राजकुमारीला मुख्य मालिकेत नायिका व्हायला २०२४ उजाडलं. अडतीस वर्षं पाटी तिची, दुकान नायक लिंकचं.

तेव्हा बाई महाग आहे हे खोटं. ती बक्षीस म्हणून परवडते, प्रेयसी म्हणून परवडते, सुटका करून घ्यायला परवडते, मरायला तर फारच परवडते. खेळणाऱ्या मुलाने दहा-वीस तास तिच्या जागी उभं राहून जग बघायचं, तिची भीती ती आपली भीती आणि तिची जीत ती आपली जीत मानायची, ही कल्पना मात्र कंपन्यांच्या खिशाला झेपत नाही. १९९६ पासून लारा क्रॉफ्ट या नायिकेने गेमच्या कोट्यवधी प्रती खपवून दाखवल्या तरी झेपत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि इथे तर अंगण स्वतःच बांधलेलं.

आता पुण्यात या. नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी कंपनी. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते ठरल्याएवढे जमले नाहीत. तरी २०२० मध्ये ‘राजी’ आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला त्रिशूळ घेऊन निघालेली मुलगी. राखीचा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा करार तिने बिनबोभाट उलटा केला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं. तिची चाल वेगळी काढायला पैसे कुठून आणले, असं काही कोणी त्यांना विचारलं नाही.

पुणेकरांना काटकसर जमते, हे मान्य. पण हिशोब सगळीकडे लागू पडावा असा आहे. खिशात पैसे नव्हते तेव्हा मुलगी परवडली. पैशांचे ढीग आले तिथे ती महाग झाली. म्हणून पुढच्या वेळी एखादी बडी कंपनी बजेटचं रडगाणं गायला लागली, तर तिचं बजेट वाढवू नका. निम्मं करा. बाई आपोआप यादीत येईल.